बाटलीतल्या तीन दाढा

४ नोव्हेंबर, मंगळवार

काढली एकदाची दाढ! खालची उजवी, शेवटून दुसरी. शनिवार पेठेत बापूरावाच्या दवाखान्यात गेले, कारण स्वतःची दाढ स्वतःला काढता येत नाही. येत असती तर त्या माणसाच्या खुर्चीत मी कशाला बसले असते? कॉलेजात माझ्या वह्या उतरवून पास झाला, आणि आता मलाच सांगतो — “कुमुद, एक्स-रेत काही दिसत नाही गं. थोडं थांबूया का?”

थांबूया म्हणे! तीन आठवडे झाले, घास तोंडात घेतला की विजेचा झटका बसतो. दाढेला तडा गेलाय. बारीक तडे एक्स-रेत दिसत नाहीत, हे दुसऱ्या वर्षाचं पोरही सांगेल. म्हटलं, मला शिकवू नकोस, पक्कड घे. घेतली. घाम फुटला होता त्याला. भिंतीवरचं कॅलेंडर अजून ऑगस्टवर. असा माणूस.

दाढ हातात घेऊन पाहिली. तडा दिसला नाही. मुळाशी असेल.

६ नोव्हेंबर

दुखतंय. जिथे आता दाढच नाही, बरोबर तिथे.

११ नोव्हेंबर

बोलणं बंद केलं. ओठ हलले की उजव्या जबड्यातून कानापर्यंत कळ जाते — दोन सेकंद, पाच सेकंद — मग काहीच नाही. मग पुन्हा. दात घासायची भीती वाटते. डेंटिस्टला! पंख्याचा वारा सोसत नाही. स्कूटर बंद, कारण तोंडाला स्कार्फ बांधला की कापड गालाला लागतं. म्हणजे घरून नारायण पेठेतल्या माझ्या दवाखान्यात रिक्षाने जायचं, आणि मला बोलता येत नाही हे कळलं की रिक्षावाला अर्ध्या पुण्याची प्रदक्षिणा घालून नेतो.

मी गप्प आहे याचा सगळ्यांना फार आनंद झालेला दिसतो. छत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच जयसिंगांना घरात सलग वाक्यं बोलायला मिळतायत. “अगं, लवंगेचं तेल लाव.” “जायफळ उगाळू का?” कुठल्याशा ग्रुपवरचा काढा. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कालवे मोजलेला माणूस माझ्या जबड्यावर मत देतो! एरवी दोन शब्दांत निकाल लावला असता. ते दोन शब्द आता इथे लिहिते — गप्प बसा.

दवाखान्यात ऋतुजा, माझी ज्युनिअर डॉक्टर. चार वर्षं माझ्याबरोबर काम करतेय. हात बरा आहे, जीभ लांब. आज म्हणाली, “मॅडम, राग मानू नका, पण ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया तर नसेल? म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं—” मला अर्थ सांगते! पुस्तकात वाचलेला प्रत्येक आजार या पिढीला समोरच्या खुर्चीत बसलेला दिसतो. पस्तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला त्याची एकही केस भेटली नाही, आणि हिला चार वर्षांत भेटली! हाताने ‘जा’ अशी खूण केली. गेली.

१४ नोव्हेंबर

आज रडले. बाथरूममध्ये, नळ सोडून. चेहरा पुसतानाही कळ आली.

स्वतःचा राग आला. रडे पेशंट मला कधी सहन झाले नाहीत. मार्केट यार्डात पालेभाजीचा गाळा असलेल्या त्या सुशीलाबाई आठवल्या. सहा वर्षं झाली त्याला. “बाई, हितं कळ मारती, पार कानात जाती वो!” दाढ काढली. दोन महिने बरं. पुन्हा दारात हजर. शेजारची काढली. तीन महिने बरं. पुन्हा! तिसरी काढली. त्यानंतर तर गालाला बोट लावू देईनात. स्वतःचा हात गालापासून बोटभर लांब धरून बसायच्या — हवेत — आणि डोळ्यांतून पाणी. बोटभर लांब! ज्याची दाढ खरोखर दुखते तो गाल घट्ट दाबून धरतो. नाटक मी ताबडतोब ओळखलं. “डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा,” असं तोंडावर सांगितलं. पुन्हा आल्या नाहीत.

त्या वर्षी आमच्या दातांच्या डॉक्टरांच्या स्नेहसंमेलनात मी त्यांची नक्कल केली होती. डोक्यावर पदर, हवेतला हात, “कळ मारती वो!” लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी होते. बापूराव तेवढा हसला नव्हता, त्याला विनोद उशिरा कळतात. पहिलं बक्षीस मिळालं, मोठा थर्मास. अजून वापरात आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऋतुजा आणि जयसिंगांनी मिळून कट केला. “फक्त विचारून येऊ” असं म्हणत मला एका न्यूरोसर्जनसमोर नेऊन बसवलं. दुखणं तोंडात आणि डॉक्टर मेंदूचा! फुप्फुसाचा तेवढा राहिला.

आधी फॉर्म. पेशंटने स्वतः भरायचा. त्यात एक रकाना — ‘आधीचे उपचार, कोणाकडे’. तिथे मी ठसठशीत अक्षरात लिहिलं — ‘डॉ. बापूराव शितोळे, शनिवार पेठ, यांनी चुकीच्या निदानावरून निरोगी दाढ काढली.’ नावाखाली रेघ ओढली. कळू दे जगाला. गेल्या महिन्याभरात तेवढंच एक काम मनासारखं झालं.

डॉक्टरांचं नाव खालिद बागवान. पंचेचाळिशीचे असतील. उंची बेताची, मराठी माझ्या सुनेपेक्षा शुद्ध. वडिलांचा मार्केट यार्डात फळांचा गाळा होता म्हणाले. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली तेव्हा मनात आलं, कलिंगड वाजवून पाहायची सवय घरचीच. बोलता येत नसल्यामुळे बऱ्याच लोकांशी माझे संबंध चांगले राहिलेत.

कापसाची वात गालावरून हळूच फिरवली. मी खुर्चीतच उडाले. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही आल्यापासून हात गालाजवळ धरलाय, पण टेकवलेला नाही. मला तिथेच अर्धं निदान झालं.”

मी हात खाली घेतला.

ट्रायजेमिनलच. ऋतुजा खिडकीबाहेर बघत होती. निदान बरोबर आल्यावर चेहरा कोरा कसा ठेवायचा हे तिला अजून जमत नाही. डॉक्टर म्हणाले, “दाढा काढून आमच्याकडे येणारे पेशंट नेहमीचेच. कोणी एक, कोणी चार. काढल्यावर काही दिवस बरंही वाटतं, कारण हे दुखणं मधूनमधून आपोआप थांबतं. मग डेंटिस्टची खात्री पटते, की दाढच होती.”

तो बापूराव! परवाना काढून घ्यायला हवा त्याचा.

२१ नोव्हेंबर

एमआरआय. अर्धा तास पिंपात झोपवून बाहेरून घण घातले. आत जाताना पोरगी म्हणते, “आजी, रिलॅक्स!” आजी?

२५ नोव्हेंबर

फोटोत दिसलं. मेंदूच्या मुळाशी चेहऱ्याची नस निघते, तिथे एक रक्तवाहिनी येऊन टेकलीय. प्रत्येक ठोक्याला नसेवर आपटते. बस्स, एवढंच! इतक्या फालतू कारणाने माणसाचं बोलणं, खाणं, चूळ भरणं बंद व्हावं!

आधी गोळ्या. त्या पुरल्या नाहीत तर ऑपरेशन. कानामागे रुपयाएवढं भोक, सूक्ष्मदर्शकातून आत जायचं, रक्तवाहिनी बाजूला करायची आणि मध्ये टेफ्लॉनच्या बोळ्याची उशी ठेवायची. जयसिंग ताबडतोब — “म्हणजे आपल्या तव्यावरचं?” डॉक्टरांनी शांतपणे “हो, तेच” म्हटलं. आता हे दिसेल त्याला सांगणार, बायकोचं डोकं नॉनस्टिक करतायत.

धोके विचारले. लिहून विचारले. त्या कानाने ऐकू येणं जाऊ शकतं. गाल बधिर होऊ शकतो. क्वचित त्याहून वाईट. आणि दहातल्या एक-दोघांना फरक पडत नाही. पेशंटला कवटी उघडायची नसेल तर गालातून सुई घालून नस थोडी जाळता येते, पण माझ्या प्रकृतीला ऑपरेशन चांगलं म्हणाले. प्रकृतीला चांगलं! जणू मोरावळा.

मला भीती वाटतेय. हे जयसिंगांना कळता कामा नये.

२ डिसेंबर, मंगळवार

गोळ्यांनी मी मठ्ठ झालेय. जिन्यात तोल जातो. काल फोनवर स्वतःच्या दवाखान्याचा पत्ता आठवेना. रक्तातलं मीठ उतरलंय, म्हणून डोस वाढवता येत नाही आणि या डोसला कळ थांबत नाही. पेशंट बघणं सोडलं. ऋतुजा सगळं सांभाळते. चांगलं सांभाळते, हे आणखी वाईट.

दुपारी बापूराव आला. अंजिरांची टोपली घेऊन! चावताना मला मरण येतं हे ठाऊक असूनही अंजीर. पाटी घेऊन त्याच्यावर खरडलं — तू निरोगी दाढ काढलीस.

टोपीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, “कुमुद, मी नको म्हणत होतो. तू पक्कड घे म्हणालीस. तुला नाही म्हणायची हिंमत कॉलेजपासून कोणाला झाली नाही गं. माझी चूक तीच.”

उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि अशी कळ आली की टेबलावर डोकं ठेवलं. डोकं वर केलं तेव्हा तो गेला होता. अंजीर सालं काढून, कुस्करून, वाटीत ठेवले होते. चमच्यासकट.

खाल्ले. डावीकडून.

६ डिसेंबर

ऋतुजा घरी आली होती. हातात एक छोटी बाटली.

कॉलेजच्या मुलांना प्रॅक्टिकलला खरे दात लागतात. दवाखान्या-दवाखान्यांतून काढलेले दात मागून नेतात. त्यासाठी प्रत्येक डेंटिस्टकडे औषधात बुडवलेल्या दातांची एक बरणी असतेच. मुलं आली म्हणून ऋतुजाने कपाट उघडलं, तर बरणीच्या मागे ही बाटली. आत तीन दाढा. वर चिठ्ठी, माझ्या अक्षरात — ‘खालच्या उजव्या. कीड नाही, झीज नाही. शिकवायला उत्तम.’ खाली तीन तारखा. सहा वर्षांपूर्वीच्या, काही महिन्यांच्या अंतराने.

“इतक्या सुंदर दाढा का काढल्या होत्या, मॅडम?” तिने साधेपणाने विचारलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. इतक्या चांगल्या होत्या की मुलांना द्यायचं मन झालं नाही, म्हणून वेगळ्या ठेवल्या. कीड नाही हे मी पाहिलं. लिहिलं. चिठ्ठी डकवली. आणि बाटलीचं झाकण लावून सुशीलाबाईंना सांगितलं की बाई, डोक्याच्या डॉक्टरांना दाखवा. तीन वेळा कागदावर उत्तर लिहून ठेवलं आणि एकदाही वाचलं नाही! बापूराव निदान ‘थांबूया’ म्हणाला होता.

मी ऋतुजाकडे बघून काहीतरी पुटपुटले. तिला वाटलं, दुखतंय. माझा हात गालाजवळ होता. बोटभर लांब.

७ डिसेंबर

गधडी.

११ डिसेंबर, गुरुवार

दाखल झाले. उद्या सकाळी पहिलाच नंबर. कानामागचे केस भादरले. अर्ध्या डोक्याची मुंज.

भूल देणाऱ्या बाई आल्या आणि माझे दात मोजायला लागल्या. “हलतायत का कुठले?” शेवटी हेच राहिलं होतं.

जयसिंग चहा घेऊन आले. त्याच थर्मासमधून. पाटीवर लिहिलं — हा थर्मास पुन्हा आणू नका. “का गं? गळतो का?” मान हलवली. हो, गळतो.

खालिद डॉक्टर पाच मिनिटं येऊन गेले. लिहून विचारलं, सहा वर्षं जुनं असेल तर होतं का हो बरं? ते म्हणाले, “तुमचं तर दोनच महिन्यांचं आहे.” मी पुन्हा त्याच प्रश्नावर बोट ठेवलं. “होऊ शकतं,” म्हणाले, “तपासून सांगावं लागेल. कोण आहे?”

पाटी पुसली.

१७ डिसेंबर, बुधवार

गेलं!

शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा डोकं फुटतंय असं वाटलं, ओकाऱ्या झाल्या, आणि मग हळूहळू लक्षात आलं की जबड्यात काही नाही. काहीच नाही. जीभ उजवीकडे फिरवली. चूळ भरली. नर्सला म्हटलं, पंखा मोठा करा. ती म्हणाली, थंडी आहे. म्हटलं, मोठा करा म्हणजे करा! पंख्याखाली तोंड करून पडले. जयसिंग बघत होते आणि मी हमसून हमसून रडले, त्यांच्या देखत. त्यांनी गालावर हात ठेवला. ठेवू दिला.

उजवा कान किंचित भरल्यासारखा आहे. उतरेल म्हणतात. टाके ओढतात. जेवण पांचट, शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना आवाज नावाची गोष्ट लहान करता येत नाही, आणि बिलिंगवाल्याने माझं नाव कुमुदिनी केलंय. सगळ्यांना त्यांची जागा दाखवली. सुरेख वाटलं.

मग संध्याकाळी पोळी खाल्ली. उजवीकडून चावून. आणि उरलेली अर्धी ताटात परत ठेवली, कारण सहा वर्षं म्हणजे किती पोळ्या झाल्या, असा विचार आला.

ऋतुजाला निरोप दिला, जुने केसपेपर काढ. सुशीलाबाई. मार्केट यार्ड.

५ जानेवारी, सोमवार

आधी बापूरावाला फोन केला. “चुकलं माझं,” इतकं म्हणायला पावणेदोन मिनिटं लागली, घड्याळ समोर होतं. तो म्हणाला, “कान कसाय?” आणि अंजिरांचा मोसम संपला म्हणून हळहळला. या माणसाचं काही होणार नाही.

मग रिक्षा करून मार्केट यार्ड. नऊ वाजून गेले होते, लिलाव आटोपले होते, चिखलात मेथीची पानं. गाळ्याचा नंबर केसपेपरवर होता. तिथे एक तरुण बाई कोथिंबिरीच्या जुड्या रचत होती. सुशीलाबाईंची सून, अपेक्षा. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, “सासूबाई आत हायेत. पन बोलत न्हाईत त्या. लोक मौनीबाईच म्हनत्यात आता. बोटांनी भाव सांगत्यात.”

पोत्यांच्या आडोशाला बसल्या होत्या. वारा लागू नये म्हणून. वाळून गेल्यात. पदर कपाळापर्यंत, आणि हात — तसाच.

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. टाक्यांचा व्रण दाखवला. म्हटलं, मला तुमचंच दुखणं झालं होतं. नसेचं होतं, दातांचं नव्हतं. तुमच्या तिन्ही दाढा चांगल्या होत्या. मी उगाच काढल्या. आणि नाटक करता असं म्हटलं. माझी चूक झाली.

अपेक्षा जुडी हातात धरून उभी राहिली. “आमी तर फुडं दुसरीकडं नेऊन आनखी दोन काढल्या,” ती म्हणाली. “तुमी पयल्यांदा म्हनला हुता दात हाय, मंजी दातच आसंल आसं वाटलं आमाला.”

सुशीलाबाई माझ्या गालाकडे बघत होत्या. मी बोलत होते, सगळं तोंड हलवून बोलत होते, तिकडे. मग त्यांनी हात गालाच्या आणखी जवळ नेला, डोळे मिटले आणि ओठ न हलवता, दातांच्या फटीतून विचारलं —

“दुकायचं थांबंल का?”

रागाचा एक शब्द नाही. मी तयारी करून गेले होते. त्यांना माझ्या माफीचं काय करायचं होतं?

नकलेचं सांगितलं नाही. तेवढं धैर्य झालं नाही. ते या पानांतच राहील.

८ जानेवारी, गुरुवार

सुशीलाबाईंना घेऊन खालिद डॉक्टरांकडे गेले. फॉर्म त्यांच्या वतीने मी भरला. ‘आधीचे उपचार, कोणाकडे’ — ‘डॉ. कुमुद जयसिंग भोईटे, नारायण पेठ, यांनी चुकीच्या निदानावरून तीन निरोगी दाढा काढल्या.’ सुशीलाबाईंनी बोटाने खुणावलं, नाव कशाला? मी नावाखाली रेघ ओढली. मग बाटली टेबलावर ठेवली, चिठ्ठी डॉक्टरांकडे करून.